व्यायामाचे मास्तर डॉ. जेम्स नेस्मिथ

सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या नामांकित व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे कमिटीच्या मंडळींनी आम्हांला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. आमचे आयुष्य वॉर्डात गेले. हातात पेन धरले ते तापाचा तक्ता भरण्यापुरते. पण मंडळी ऐकेनात. मग कोणावर लिहावे याचा विचार सुरू झाला. पुढारी, दानशूर, रब्बी, सेनापती यांच्यावर लिहिणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगले लिहितात. आम्हांला मात्र राहून राहून एक व्यायामशिक्षक आठवत होते.

मुंबईला शाळेत पीटीच्या सरांचा मान केवढा असे, हे आपल्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. गणिताचा भाग मागे राहिला की पीटीचा तास गणिताला. पाऊस आला की पीटीचा तास रद्द. स्नेहसंमेलनाला खुर्च्या मांडून घ्यायला पीटीचे सर. निवृत्त झाले की एक शाल, एक नारळ आणि एक ग्रुप फोटो. पुढच्या वर्षी नवीन शिट्टी, नवीन सर.

ज्यांची हकिगत आम्ही सांगणार आहोत ते डॉ. जेम्स नेस्मिथ याच पेशातले. बास्केटबॉलचा खेळ त्यांनी शोधून काढला. इस्राएलात आपण त्याला कदूरसल म्हणतो. कदूर म्हणजे चेंडू आणि सल म्हणजे टोपली. शुकमध्ये भाजी आणायला नेतो तीच. खेळ घराघरांत ठाऊक आहे, आपली नातवंडे तर चालायला लागली की चेंडू आपटू लागतात. खेळ काढणाऱ्या माणसाची माहिती मात्र फारशी कोणाला नसते.

जेम्सचा जन्म 6 नोव्हेंबर 1861 रोजी कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, अल्मॉन्ट गावाजवळ झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. 1870 साली त्या भागात लाकूडकामाच्या ठिकाणी टायफॉईडची साथ आली. ऑक्टोबरात वडील गेले आणि तीन आठवडे उलटायच्या आत आईही गेली. आई गेली तो दिवस 6 नोव्हेंबरचा, म्हणजे जेम्सचा नववा वाढदिवस.

टायफॉईड म्हणजे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या भाषेत मुदतीचा ताप. आम्ही ट्रेनिंगला होतो तेव्हा या रोगाचे धडे पाठ होते: पहिल्या आठवड्यात ताप पायरीपायरीने चढतो, तिसरा आठवडा आतड्याच्या धोक्याचा. पण आमच्या हाती औषध होते. 1948 साली क्लोरोमायसेटिन वापरात आले आणि या तापाची भीती पुष्कळ कमी झाली. 1870 साली या रोगाचा जंतूही कोणी पाहिलेला नव्हता. ओले फडके कपाळावर ठेवायचे, पेज पाजायची आणि वाट पाहायची, एवढेच माणसाच्या हातात. अशा घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाने काय काय पाहिले असेल, हे ज्यांनी रात्रपाळ्या केल्या आहेत त्यांना समजेल. पुढे जेम्सचा धाकटा भाऊ रॉबी ऐन तारुण्यात ॲपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. नेस्मिथ पुढे डॉक्टरकीकडे का वळले याची पुष्कळ कारणे पुस्तकांत सापडतात. आमच्या मते हे तीन मृत्यू त्यांतले पहिले कारण असावे.

पोरक्या भावंडांना आजीने आणि मग मामाने वाढवले. मामांचे नाव पीटर यंग. शिस्तीचे, शेतकरी गडी. पंधराव्या वर्षी जेम्सने शाळा सोडली आणि तो जंगलात लाकूडतोड्यांबरोबर कामाला लागला. विशी गाठल्यावर पुन्हा शाळेत जाऊन आपल्याहून लहान मुलांबरोबर बाकावर बसला आणि राहिलेला अभ्यास पुरा केला. 1883 साली तो माँट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत दाखल झाला.

पाळक व्हायचे हे त्याने ठरवले होते. 1887 साली त्याने बी.ए.ची पदवी घेतली ती तत्त्वज्ञान आणि हिब्रू या विषयांत. होय, हिब्रूच. आपल्या पूर्वजांना कोकणात आणि मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीतून शिकवणारे डॉ. जॉन विल्सन हेही स्कॉटलंडचेच मिशनरी. त्यांचे ते व्याकरण 1832 साली छापले गेले. तेव्हा स्कॉच घराण्यातल्या मुलाने आलेफ-बेत गिरवावे यात आपल्याला तरी नवल वाटू नये.

नवल त्याच्या सोबत्यांना वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. हा मुलगा धर्मशास्त्र शिकतो आणि मैदानावर रग्बी, लॅक्रॉसही खेळतो! त्या काळच्या सोवळ्या मंडळींना खेळ म्हणजे सैतानाचे काम वाटे. त्याच्या सुधारणेसाठी मित्रांनी प्रार्थनासुद्धा केल्या. अशात एका सामन्यात शेजारच्या खेळाडूच्या तोंडून रागाच्या भरात शिवी गेली आणि लगेच तो जेम्सकडे वळून ओशाळला. जेम्स त्याला एका शब्दाने बोललेला नव्हता. नुसते शेजारी उभे राहून माणूस सुधारू शकतो, हे त्या दिवशी नेस्मिथना उमगले. 1890 साली धर्मशास्त्राचा अभ्यास संपल्यावर व्यासपीठावर उभे राहायचे सोडून ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत व्यायाम शिकायला आणि शिकवायला गेले. नातेवाईक नाराज झाले हे सांगायला नको.

आता मुख्य हकिगत. 1891 सालचा हिवाळा. बाहेर बर्फ, त्यामुळे मैदानी खेळ बंद. व्यायामशाळेत तेच ते हात वर, हात खाली. अठरा जणांचा एक वर्ग होता. ही शाळकरी मुले नव्हती, संस्थेचे सेक्रेटरी होण्यासाठी आलेले थोराड बाप्ये होते, आणि कवायतीला इतके कंटाळले होते की आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. प्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथच्या गळ्यात घातला आणि चौदा दिवसांत घरात खेळता येईल असा नवा खेळ काढायला सांगितले.

नेस्मिथनी आधी जुनेच खेळ आत आणून पाहिले. अमेरिकन फुटबॉल आणला तर लाकडी जमिनीवर माणसे आदळू लागली. आपला पायाने खेळायचा फुटबॉल आणला तर खिडक्यांच्या काचा फुटल्या. लॅक्रॉसच्या काठ्यांनी तोंडे आणि हात सोलवटले. मुदत संपत आली. मग ते एकटे बसले आणि त्यांनी जो विचार केला तो आम्हांला नर्स म्हणून फार आवडतो. कोणता खेळ रंगतदार होईल हे त्यांनी आधी विचारलेच नाही. माणसाला इजा कशाने होते, तिथून त्यांनी सुरुवात केली.

इजा होते ती धडकेने. धडक का मारतात? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवण्यासाठी. तर मग चेंडू घेऊन पळायचेच नाही. जिथे मिळाला तिथून फेकायचा. काठी, बॅट काही नको. चेंडू मोठा आणि हलका, हाताने खेळायचा. राहता राहिला गोल. गोल समोर उभा असला की माणूस सगळा जोर लावून चेंडू हाणतो. तेव्हा त्यांना लहानपणचा एक खेळ आठवला. मोठ्या खडकावर एक दगड ठेवायचा आणि लांबून दुसरे दगड मारून तो पाडायचा. आपल्या लगोरीची आठवण यावी असा. जोरात मारलेला दगड चुकला की दूर जाई आणि तो आणायला गेलेला गडी पकडला जाई. हलकेच, कमान करून टाकलेला दगड जवळच पडे. म्हणून गोल आडवा आणि डोक्याच्या वर. तिथे जोराचे काही चालत नाही.

आम्ही हाडांच्या वॉर्डात काम केले आहे. प्लास्टर घातलेले पाय टांगून पडलेली तरुण मुले रांगेने पाहिली आहेत. उपचाराआधी प्रतिबंध, हे नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. एका अख्ख्या खेळाचा पाया त्यावर घातलेला आम्ही दुसरा पाहिला नाही. हेच नेस्मिथ त्या आधी फुटबॉल खेळताना कान सोलवटतात म्हणून कानांवर आवरण बांधून मैदानात उतरले होते, आणि लोक हसले होते. (आजचा बास्केटबॉल पाहिला तर घोटे आणि गुडघे मुरगळणाऱ्यांना तोटा नाही, ही गोष्ट निराळी. तो दोष त्यांचा नव्हे.)

त्यांनी तेरा नियम लिहिले, ते दोन कागदांवर टाइप होऊन फळ्यावर लागले. गोलासाठी त्यांनी शिपायाजवळ दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पण पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. पीच म्हणजे इथले अफर्सेक. त्या टोपल्या दोन बाजूंच्या गॅलरीच्या कठड्याला खिळ्यांनी ठोकल्या. शिपायाला खोकी मिळाली असती तर आज आपली नातवंडे टोपलीऐवजी खोक्यात चेंडू टाकीत असती!

21 डिसेंबर 1891 रोजी पहिला सामना झाला. दोन्ही बाजूंना नऊ नऊ गडी. सगळ्या खेळात एकच गोल झाला, तो विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने सुमारे पंचवीस फुटांवरून केला. टोपलीला बूड होते, त्यामुळे चेंडू वर चढून काढावा लागला. खेळाला नाव काय द्यावे असा प्रश्न निघाला तेव्हा एका विद्यार्थ्याने मास्तरांचेच नाव सुचवले. असले नाव दिले तर खेळ जन्मतःच मरेल, असे म्हणून मास्तर हसले आणि टोपलीचे नाव पक्के झाले. पेटंट घेतले नाही. या खेळावर पैसा करण्याचा विचारही त्यांनी कधी केला नाही. स्वतः ते हा खेळ जन्मात एक-दोनदाच खेळले असतील.

शेजारच्या शाळेतल्या शिक्षिका दुपारी जाता जाता खेळ पाहायला थांबू लागल्या आणि आम्हांलाही खेळू द्या म्हणून मागे लागल्या. तो काळ लांब झग्यांचा. नेस्मिथनी लगेच होकार दिला. त्यांच्यात मॉड शर्मन नावाची एक मुलगी होती. 1894 साली तिच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे पाच मुले झाली.

मुलींच्या खेळाची गोष्ट निघालीच आहे तर सेंडा बेरेन्सन यांना वगळून चालणार नाही. लिथुएनियातल्या ज्यू कुटुंबात 1868 साली त्यांचा जन्म. कुटुंब लहानपणीच बोस्टनला आले. मुलगी नाजूक, सतत आजारी. प्रकृती सुधारावी म्हणून व्यायामशाळेत गेली आणि व्यायामाचीच शिक्षिका झाली. स्प्रिंगफील्डजवळच्या स्मिथ कॉलेजात 1892 साली नोकरीला लागल्यावर त्यांनी नेस्मिथांचा लेख वाचला आणि खेळ मुलींना शिकवला. 22 मार्च 1893 रोजी तिथे मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत येऊ दिले नव्हते. मुलींनी धावले की त्यांची प्रकृती बिघडते, असे त्या वेळी डॉक्टरही सांगत. नेस्मिथनी ते मानले नाही आणि बेरेन्सनबाईंनी तर नाहीच नाही.

आपल्या हिंदुस्थानातही खेळ लवकर पोचला. त्या अठरा जणांपैकी डंकन पॅटन यांनी 1894 साली तो तिकडे नेला असे नेस्मिथनी नोंदले आहे. पुढे 1920 साली हॅरी बक यांनी मद्रासला वाय.एम.सी.ए.चे व्यायामशिक्षकांचे कॉलेज काढले. बकही स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी. त्या कॉलेजातून तयार झालेले शिक्षक देशभरच्या शाळांत गेले. तेव्हा आपल्या शाळेतल्या पीटीच्या सरांच्या गळ्यातली शिट्टी कुठून आली, याचा एक धागा त्या टोपलीपर्यंत जातो. भायखळा, माझगाव, नागपाडा या बाजूला वाढलेल्या वाचकांना नागपाड्याची बास्केटबॉलची पोरे आठवत असतील. दिवेलागणीनंतरही चेंडूचा आवाज चालू असे. आम्ही मुली रस्त्यावरून जाताना पाय रेंगाळत, पण घरी सांगायचे नाही, एवढे कळत असे.

1895 साली नेस्मिथ डेन्व्हरला गेले. दिवसा व्यायामशाळेची नोकरी आणि जोडीला वैद्यकीय कॉलेज, असे करून 1898 साली ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस युनिव्हर्सिटीने त्यांना लॉरेन्स गावी बोलावले. काम दुहेरी: व्यायाम शिकवायचा आणि प्रार्थनेची व्यवस्था पाहायची. डॉक्टरी, पाळकी आणि मास्तरकी एकाच माणसात मिळाल्याने युनिव्हर्सिटीचा फायदाच झाला. दवाखाना मात्र त्यांनी थाटला नाही. येणाऱ्या विद्यार्थ्यांना तपासावे, छाती मोजावी, हृदय ऐकावे आणि कोणाला कोणता व्यायाम झेपेल ते सांगावे, यात त्यांना गोडी होती.

कॅन्ससमध्ये त्यांनी बास्केटबॉलचा संघ उभा केला आणि 1907 पर्यंत सांभाळला. त्या वर्षांत त्यांच्या संघाने 55 सामने जिंकले आणि 60 हरले. त्या युनिव्हर्सिटीला तेव्हापासून आजपर्यंत जे जे प्रशिक्षक लाभले, त्यांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे हा खेळ काढणारा माणूस! त्यांच्यानंतर आलेला त्यांचाच विद्यार्थी फॉग ॲलन देशभर गाजला. त्याला प्रशिक्षक व्हायचे होते तेव्हा नेस्मिथनी त्याला समजावले होते की हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो. ॲलनने ऐकले नाही. दोघांचे पटत असे आणि पटत नसे. ॲलनला जिंकायचे असे. नेस्मिथना मुलगा घरी जाताना कसा जातो ते पाहायचे असे. आम्हांला विचाराल तर दोघेही लागतात; पण वॉर्डात पेशंटशेजारी बसवायचे झाले तर आम्ही नेस्मिथना बसवू.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते पन्नाशी ओलांडलेले होते. 1916 साली ते पलटणीबरोबर पाळक म्हणून मेक्सिकोच्या सरहद्दीवर गेले. मग 1917 ते 1919 फ्रान्समध्ये सैनिकांसाठी खेळ भरवले आणि गुप्तरोगांपासून सावध राहण्याविषयी स्पष्ट शब्दांत व्याख्याने दिली. पाळक असून ते लाजले नाहीत. 1925 साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले.

1933 साली जॉन मॅक्लेंडन नावाचा एक काळा मुलगा व्यायामशिक्षणाच्या पदवीसाठी कॅन्ससला आला. नेस्मिथ सत्तरी ओलांडलेले. वडिलांनी शिकवून पाठवल्याप्रमाणे मुलगा सरळ त्यांच्या खोलीत गेला आणि तुम्ही माझे मार्गदर्शक, असे त्यांनाच सांगून बसला. नेस्मिथनी त्याला ठेवून घेतले. युनिव्हर्सिटीच्या संघात काळ्या मुलांना घेत नसत, त्यामुळे ज्याने खेळ काढला त्याच्याच हाताखाली शिकणाऱ्या या मुलाला त्या संघात कधीच खेळता आले नाही. पदवीला पोहणे आवश्यक होते, पण तलाव गोऱ्यांचा. न पोहताच मार्क देतो, असे त्याला सुचवण्यात आले. त्याला ते पटले नाही, तो तलावात उतरला. तो बाहेर आल्यावर तलावाचे सगळे पाणी सोडून देण्यात आले.

हे वाचले तेव्हा आम्हांला आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले महाडचे चवदार तळे आठवले. 1927 साली तिथे डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायले आणि त्यानंतर सनातन्यांनी तळे शुद्ध करून घेतले. अमेरिकेत पाणी सोडून दिले, आपल्याकडे पंचगव्य ओतले, एवढाच फरक.

नेस्मिथ त्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले. तलाव पुढे सर्वांना खुला झाला. शिकवण्याच्या सरावासाठी गावातल्या हायस्कुलात त्याला जागा मिळावी म्हणून त्यांनीच शब्द टाकला. 1936 साली मॅक्लेंडन पदवी घेऊन बाहेर पडला. 1944 साली नॉर्थ कॅरोलिनात, शब्बाथनंतरच्या एका रविवारी सकाळी, दारे आतून बंद करून त्याच्या काळ्या संघाने ड्यूक युनिव्हर्सिटीच्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघाशी सामना खेळला. तिथल्या कायद्याने आणि रिवाजाने ते चालत नव्हते, पकडले जाण्याची भीती होती. मॅक्लेंडनचा संघ 88–44 असा जिंकला. 1957, 1958 आणि 1959 अशी तीन वर्षे लागोपाठ त्याच्या टेनेसीच्या कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हरणाऱ्या मास्तरांचा हा विद्यार्थी.

आता 1936 सालच्या बर्लिनची गोष्ट, आणि इथे आमची लेखणी जरा अडखळते. त्या वर्षी बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. नेस्मिथजवळ जाण्यायेण्याचे पैसे नव्हते. तेव्हा अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी सामन्यांच्या तिकिटांमागे एक एक सेंट बाजूला काढून निधी जमवला. पतिपत्नी दोघांनी जायचे होते, पण मॉडबाईंना हृदयविकार जडला आणि ते एकटेच गेले. 7 ऑगस्टला एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्या पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांनी वर उडवला. एकवीस देशांचे संघ खेळले. टोपलीवाल्या मास्तरांचे डोळे भरून आले असतील तर त्यात नवल नाही.

पण ते बर्लिन हिटलरचे होते. आपल्या लोकांना नागरिकत्वातून काढून टाकणारे न्युरेम्बर्गचे कायदे एक वर्षापूर्वीच झाले होते. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड युनिव्हर्सिटीचा संघ त्या वर्षी अजिंक्य होता. त्यात ज्यू खेळाडू बरेच होते. त्या संघाने ऑलिंपिकच्या निवड सामन्यांना जायचेच नाही असे ठरवले आणि सुवर्णपदकाच्या आशेवर पाणी सोडले. दुसरीकडे सॅम बाल्टर नावाचा ज्यू खेळाडू पुष्कळ विचार करून गेला आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल संघातून सुवर्णपदक घेऊन आला. धावण्याच्या शर्यतीतल्या ग्लिकमन आणि स्टोलर या दोन ज्यू मुलांना तर त्यांच्याच अमेरिकन प्रशिक्षकांनी ऐन वेळी संघातून काढले. जाणारा बरोबर की न जाणारा, यावर इतक्या वर्षांनी निकाल देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. लाँग आयलंडच्या पोरांपुढे मात्र आम्ही मान लववतो. नेस्मिथनी त्या वेळी काही तरी बोलायला हवे होते, असे आम्हांला वाटते. सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांना आपले लेकरू जगाच्या अंगणात खेळताना पाहायचे होते हेही समजते, आणि तरी वाटते.

अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसात झाला. मातीचा चिखल झाला, चेंडू आपटला की तिथेच रुतून बसे. नेस्मिथांच्या जन्मभूमीविरुद्ध त्यांचा स्वीकारलेला देश खेळला. अमेरिकेने कॅनडाला 19–8 असे हरवले. पदके त्यांच्या हस्ते दिली गेली.

4 मार्च 1937 रोजी मॉडबाई वारल्या. त्याच वर्षी, वयाच्या पंचाहत्तरीत, नेस्मिथ नोकरीतून निवृत्त झाले. 1939 साली त्यांनी फ्लॉरेन्स किनकेड यांच्याशी दुसरे लग्न केले. म्हातारपणी एकटे राहणाऱ्यांना पाहिलेले असल्याने आम्ही त्याला नाव ठेवणार नाही. त्याच नोव्हेंबरात मेंदूत रक्तस्राव झाला आणि 28 नोव्हेंबर 1939 रोजी लॉरेन्स इथे त्यांचा अंत झाला. वय 78. खेळाच्या उगमाची हकिगत सांगणारे त्यांचे पुस्तक 1941 साली, त्यांच्या मागे छापले गेले.

पेटंट न घेतलेल्या त्या खेळाचे ते दोन टाइप केलेले कागद 2010 साली न्यूयॉर्कमध्ये लिलावात 43 लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. ते कॅन्सस युनिव्हर्सिटीतच ठेवले आहेत.

आपल्या इथल्या जुन्या मंडळींना 1977 सालची आठवण वेगळी द्यायला नको. फेब्रुवारीत मक्काबी तेल अवीवने मॉस्कोच्या लष्करी संघाला बेल्जियममधल्या एका लहानशा गावात हरवले, कारण ते इस्राएलात यायला तयार नव्हते आणि आपल्याला तिकडे जाऊ देत नव्हते. मग पेसाहच्या दिवसांत, 7 एप्रिलला, बेलग्रेडमध्ये इटलीच्या संघाला 78–77 असे एका गुणाने हरवून युरोपचा चषक आणला. संघाचा कप्तान ताल ब्रॉडी अमेरिकेतून आलेला. ज्यांना तोवर हिब्रू बातम्या नीट कळत नव्हत्या असे आपले कितीतरी लोक त्या रात्री शेजाऱ्यांबरोबर नाचले, असे आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे.

आमचा नातू शाळेच्या संघात खेळतो. हा लेख लिहीत असताना त्याने एक प्रश्न विचारला. कडे जमिनीपासून 3 मीटर 5 सेंटिमीटरवर का? सरळ 3 मीटर का नाही? आम्ही त्याला सांगितले की स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेतल्या गॅलरीचा कठडा दहा फुटांवर होता आणि शिपायाने टोपली तिथे ठोकली. तेव्हापासून कोणी ती हलवलेली नाही. त्याने थोडा विचार केला, गॅलरी आणखी खाली असती तर बरे झाले असते असे पुटपुटला आणि चेंडू घेऊन खाली गेला.